चोरखमाऱ्यात प्यालेला चहा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला दोष द्यायला नको. या प्रवासात देवळं नाहीत, किल्ले नाहीत, थंड हवेचं ठिकाण नाही. मी साताऱ्याहून चोरखमाऱ्याला गेले ती एक पेला चहा प्यायला. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी दिवाळीच्या सुट्टीचा बेत विचारला तेव्हा मी हेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच विषय बदलला.

वसंता माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, म्हणून त्याला मी वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, उठता बसता रागावले. आई म्हणायची, तुझ्या जिभेला हाड नाही, आणि मी म्हणायची, घरात एकाला तरी खरं बोलावंच लागतं. त्याला कालव्यांच्या मोजणीची नोकरी लागली आणि तो तेव्हाच्या मध्य प्रदेशात गेला. तिरोड्याजवळ चोरखमारा म्हणून मोठा तलाव आहे, त्याच्या पाण्यावर सगळी धानाची शेती. तिथे एका पवार शेतकऱ्याच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत तो राहायचा. घरधनी दसरथजी, त्यांची बायको पार्बताबाई. मूलबाळ नाही. त्यामुळे वसंताचे तिथे लाडच होते, आणि ते मला पत्रांतून कळत होते.

फाल्गुनात त्याच्याकडून पार्सल आलं. आत चहाची पत्ती, पार्बताबाईंनी लिंबाच्या फुलांत ठेवून वास लावलेली. बरोबर चिठ्ठी: उकळू नकोस, दूध घालू नकोस, पाणी चुलीवरून उतरव, मग पत्ती टाक. मला भयंकर राग आला. काल नाक पुसायला शिकवलं तो मला चहा शिकवतो! मी आमच्या पद्धतीने केला. दूध, आलं, साखर, चांगल्या तीन उकळ्या. कडूजहर झाला. आईने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि मी त्याच तिरमिरीत पत्र लिहायला बसले.

काय लिहिलं ते लपवत नाही. लिहिलं की हा चहा आहे की गुरांचा काढा. लिहिलं की लिंबाची फुलं देवाला वाहावीत, पत्ती नासवायला नाहीत, असं त्या बाईला सांग. आणि शेवटी लिहिलं: ‘आई इथे एकटी झुरते आणि तू परक्या बाईच्या हातचं पिऊन तिचाच मुलगा झालास.’

त्यानंतर त्याचं एक कार्ड आलं. पाऊस, चिखल, धानाची रोवणी सुरू झाली. चहाचा शब्द नाही. श्रावण संपता संपता तार आली. ताप आला आणि आठ दिवसांत वसंता गेला. आम्हाला तार मिळाली तेव्हा तिकडे सगळं होऊन गेलं होतं.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. ते पत्र त्याला लागलं का? बाकी त्याची ट्रंक आणायची वगैरे मी लोकांना सांगितलं, पण ट्रंक रेल्वेनेही आली असती.

गोंदिया

भाऊबीजेला मला घरात थांबायचं नव्हतं. नागपूरपर्यंत गाड्या बदलत नीट पोचले आणि नागपूरच्या पुढे, जिथे जागं राहायचं तिथेच, मेली झोप लागली. जागी झाले तर डब्यातली एक बाई हिंदीत सांगत होती की तिरोडा तो कबका गया, आता गोंदियाला उतरा आणि उलट्या गाडीने जा. गोंदियाला उतरले. महाराष्ट्रीय म्हणावं असं तिथे काहीच कानावर पडेना. हमाल हिंदी, फळवाला हिंदी. मी मराठीत विचारलं की ते हिंदीत उत्तर द्यायचे, आणि मी हिंदीत विचारलं की हसू दाबून मराठीत. बाहेर तांदळाच्या गिरण्या, कोंड्याची धूळ, विडीच्या पानांचे गठ्ठे.

उलटी गाडी तीन तासांनी होती. फलाटावर चहा घेतला. मोठ्या पातेल्यात दूध, पत्ती, साखर सगळं एकत्र रटरटत होतं. थेट आमच्यासारखा. एवढ्या लांब येऊन आपलाच चहा मिळाला तर एरवी बरं वाटलं असतं. मला तो अर्धा टाकावा लागला.

तिरोडा

मी कार्ड टाकून दिवस कळवला होता. दसरथजी सकाळच्या गाडीला आले होते आणि मी दुपार टळल्यावर उलट्या दिशेने उतरले, तरी ते तिथेच होते. डोक्याला पांढरा फेटा, फेट्याखाली नुकते वाढलेले खुरटे केस. ते केस पाहिले आणि मला कळलं. वसंताला अग्नी यांनीच दिला होता, दहाव्याला मुंडनही यांनीच केलं होतं. आमच्या घरचं काम त्यांनी केलं होतं आणि मी त्यांना उशिराबद्दल सबबी सांगत होते. ते रागावले नाहीत. “काऊन, झोप लागली का?” एवढंच विचारलं आणि वळकटी उचलली.

बैलगाडीला तिकडे बंडी म्हणतात. आमच्याकडे बंडी अंगात घालतात, असं मी सांगितलं तर ते बराच वेळ मनाशी हसत राहिले. दोन्हीकडे धान पिकून वाकलेलं, कुठे कापणी लागलेली. मधेच बांधावर बायका थांबून आमच्याकडे पाहायच्या, मग दसरथजी पवारी बोलीत काहीतरी सांगायचे आणि त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या. मी कोण ते सांगत असावेत.

एका नाल्याशी बंडी उतरणीला लागली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. दसरथजींनी बैल थांबवले. म्हणाले, श्रावणात इथे पूर होता. वसंताला घेऊन ते या काठावर दोन दिवस बसले, दवाखाना तिरोड्याला आणि नाला उतरेना. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वसंता इथेच गेला. हे सांगून त्यांनी बैलांना पाणी पाजलं. मी खाली उतरून त्या ओंजळभर पाण्यात पाय घालून उभी राहिले. काय करायचं असतं अशा वेळी, मला माहीत नाही. साडीचा काठ भिजला आणि मी परत बंडीत चढले.

“तुमी येनार हे आमाले मालूम होतं,” दसरथजी पुढे पाहत म्हणाले. मला वाटलं, माझ्या कार्डाबद्दल बोलत आहेत.

चोरखमारा

तलाव मोठा आहे. टेकड्यांच्या कुशीत पाणी, पलीकडचा काठ धूसर. चांगल्या मनाने गेलेल्या माणसाने पान भरून वर्णन केलं असतं. मला त्या काठावरची एक काळी पडलेली जागा दाखवली गेली आणि पुढे मी पाण्याकडे पाहिलंच नाही.

पार्बताबाई पन्नाशीच्या, उंच, हाडापेराने मोठ्या. मला वाटलं होतं रडतील, गळ्यात पडतील. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला आणि जेवायला वाढलं. तांदळाची भाकर, लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, आणि तलावातले उकडलेले शिंगाडे. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ. इथे ते काळ्या सालीचे, दोन शिंगांचे, गरम गरम सोलून खायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं. माझं बोट शिंगाने फुटलं. पार्बताबाईंनी मग एकेक सोलून माझ्या ताटात टाकला, मी लहान असल्यासारखं. वसंताचंही पहिल्या दिवशी बोट फुटलं होतं म्हणे.

त्याची खोली तशीच होती. खाट, ट्रंक, खुंटीवर छत्री, नकाशाच्या शाईची दौत. माझं पत्र मी ट्रंकेत शोधलं. आईची सगळी पत्रं होती, माझीही जुनी होती. ते नव्हतं. फाडून टाकलं असणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात मंडई होती. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते; जत्रा, रात्रभर दंडारीचे खेळ, पाहुणे, सगळं गाव लोटतं. दसरथजी गेले. पार्बताबाई यंदा जाणार नव्हत्या. सकाळचं काम उरकून त्या मला परसात घेऊन गेल्या. तिथे ते लिंबाचं झाड होतं, काटेरी, फार मोठंही नाही. हिरवी लिंबं लागलेली, फूल एकही नाही.

मी म्हटलं, फुलं तोडून पत्तीत ठेवता ना? त्यांना ते मुळीच आवडलं नाही. तोडायचं कायले, म्हणाल्या, तोडलं तर लिंबू कोण देईल? संध्याकाळी झाडाखाली धुतलेलं लुगडं अंथरायचं. आपली आपण झडतील ती फुलं सकाळी ऊन लागायच्या आत उचलायची. कोऱ्या मडक्यात एक थर पत्तीचा, एक थर फुलांचा, वर फडकं बांधायचं. दुसऱ्या सकाळी सुपात घेऊन सगळी फुलं पाखडून काढायची, कारण फूल आत राहिलं की कडू होतं, आणि नव्या फुलांचा थर घालायचा. असं सात दिवस. त्यांच्या आईकडे लग्नाच्या लुगड्यांना असा वास लावत. वसंताने गोंदियाच्या बाजारातून पत्ती आणली तेव्हा त्यांना वाटलं, हिलाही लावून पाहू. चहा त्यांनी त्याआधी फारसा प्यालेलाच नव्हता.

सात दिवस. एका मडक्यासाठी सात वेळा लुगडं अंथरायचं, सात वेळा वाकून वेचायचं. आणि मी तीन उकळ्यांत ते संपवलं होतं.

चुलीवर पाणी उकळलं. पार्बताबाईंनी गंज, म्हणजे आमचं पातेलं, उतरवून जमिनीवर ठेवला आणि बुडबुडे थांबायची वाट पाहिली. मग शिंक्यावरून पत्र्याचा डबा काढला. त्याच्या झाकणाच्या कडेला कणीक लावून तो बंद केलेला होता. ती वाळलेली कणीक त्यांनी सुरीने खरवडली आणि झाकण उघडताच घरभर वास गेला. चिमूटभर पत्ती टाकली, वर ताटली झाकली, आणि म्हणाल्या की आता विहिरीवरून एक घागर आणायची, आली की चहा झाला. घड्याळ नाही तर हे माप. त्या घागर घेऊन गेल्या आणि मी त्या झाकलेल्या गंजासमोर बसून राहिले.

चहा लालसर, पेल्याचा तळ दिसेल असा. गुळाचा एवढासा खडा. लिंबाचा वास म्हणजे आंबट असणार असं मी धरून चालले होते. तो आंबट नव्हताच. आधी पत्तीचा तुरटपणा जिभेला लागला, आणि घोट गिळून झाल्यावर, तोंड रिकामं झाल्यावर, फुलं आली. पहाटे अंघोळ करून माजघरात कुणी येऊन गेल्यासारखी. मी दुसरा घोट घेतला. इतकं चांगलं काही मी आयुष्यात प्यालेले नाही. आणि तो जितका चांगला लागत होता तितका माझा जीव आत आत बसत होता. वाईट असता तर माझ्या पत्राला काही तरी आधार राहिला असता.

“आवडला?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, आवडणारच. तुमच्याचसाठी तर केला. मिरगाच्या पावसात झाड दुसऱ्यांदा फुललं तेव्हा हा डबा भरला. दिवाळीपर्यंत उघडायचा नाही, असं वसंता म्हणाला होता.

मला काही समजेना. माझ्यासाठी कशाला?

“कायले म्हन्जे? तुमीच तं मांगितलं चिठ्ठीत.”

आणि त्या उठून आतल्या पेटीकडे गेल्या. लुगड्यांच्या घडीतून त्यांनी एक कागद काढला. त्याला कुंकवाचं बोट लावलेलं होतं, घड्या विरत आल्या होत्या, वाळलेली दोन फुलं आत होती. दुरूनच मला माझं अक्षर दिसलं.

पार्बताबाईंना वाचता येत नाही. दसरथजींनाही नाही. पत्र आलं त्या संध्याकाळी वसंताने ते ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, असं बाहेरगावाहून त्यांच्या नावाने कुणी कधी काही लिहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते त्याच्याकडून मागून घेतलं. त्यानंतरही तो दर आठवड्याला वाचून दाखवायचा. तो गेल्यापासून घरात वाचणारं कुणी राहिलं नव्हतं; माझं कार्डही पोस्टमनने दारातूनच घाईत वाचून सांगितलं होतं.

“आता तू आलीस,” त्या म्हणाल्या. आत्तापर्यंत तुमी होतं, ते केव्हा गळून पडलं मला कळलं नाही. “लिवनारीच्याच तोंडून आयकतो. वाच.”

मी कागद उलगडला. गुरांचा काढा, तिथेच होता. त्या बाईला सांग, तेही होतं. शेवटची ओळ मात्र नव्हती. तिच्यावर नकाशाच्या काळ्या शाईने जाड रेघ ओढलेली होती, एकदा नव्हे, कागद दबेपर्यंत पुन्हा पुन्हा. या घरात वाचता येणारा माणूस तो एकटा होता. ती ओळ त्याने कुणापासून झाकली? स्वतःपासूनच. मी तीन गाड्या बदलून जे विचारायला आले होते त्याचं उत्तर मिळालं.

पार्बताबाई हात मांडीवर ठेवून ऐकायला बसल्या होत्या. मी म्हटलं, “पार्बताबाईंना माझा नमस्कार.” पुढे सुचेना. त्यांना वाटलं मला गहिवरून आलं. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली, पाठ असलेलं, डोळे मिटून, वसंताच्या साताऱ्याच्या बोलीत, त्याच्याच हेलात:

“चहा पोचला. आईने दोन पेले घेतले. असा चहा आमच्याकडे कुणी जन्मात प्यालेलं नाही. बाईंच्या हाताला गुण आहे. वसंताची आम्हाला काळजी नाही, तो तुमच्याजवळ आहे. आणखी चहा असेल तर ठेवा. दिवाळीत मी स्वतः येईन आणि तुमच्या हातचा पिईन.”

डोळे उघडून म्हणाल्या, “आलीस. वसंता गेला तं मले वाटलं, आता कायची येते. पन तू बोलली तशी आलीस.”

खरं बोलायची मला भारी हौस. ते जिभेवर आलंही. पण त्या बाईच्या पेटीत लग्नाच्या लुगड्यांत ते पत्र होतं, आणि मी ते तिच्या हातून काढून घेऊन काय देणार होते? जन्मात पहिल्यांदा मी जीभ आवरली, आणि ज्याच्यासाठी आवरायची तो नव्हता.

मग त्याच सांगू लागल्या की सुट्टीनंतर गावात शाळा सुरू होणार आहे, मास्तर येणार आहे. मग चिंता नाही, त्याच्याकडून पाहिजे तेव्हा वाचून घेता येईल. मास्तर जे लिहिलंय तेच वाचणार. मी म्हटलं, कागद विरलाय, घड्यांवर फाटेल, मी नवीन कागदावर उतरवून देते. त्यांना ते पटलं. वसंताच्या दौतीतली शाई, त्याचाच टाक, त्याच्याच खाटेवर बसून मी माझ्या अक्षरात त्याचं पत्र लिहिलं. एक वाक्य माझ्याकडून सुटलं तर त्यांनी थांबवलं. ‘हाताला गुण आहे’ त्याच्या आंधी ‘जन्मात’ आहे, म्हणाल्या. मी पुन्हा लिहिलं आणि खाली सही केली.

“जुनी चिठ्ठी कायले नेतेस?”

आठवण म्हणून, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, ने मग, त्याचा हात लागला आहे तिला. मडकं पुसावं तसा पदराने कागद पुसून त्यांनी माझ्या हातात दिला.

सातारा

परतीचं सांगण्यासारखं काही नाही. गोंदियाला गेले नाही, झोपलेही नाही. डबा मांडीवर धरून बसले होते. पार्बताबाईंनी त्याच्या झाकणाला पुन्हा कणीक लावून दिली होती.

घरी आल्यावर आईला तो चहा करून दिला. पाणी उतरवलं, बुडबुडे थांबू दिले. आमच्याकडे विहीर नाही, म्हणून नळावर घागर भरेपर्यंत थांबले. आईने पेला तोंडाला लावला, संपवला आणि आणखी मागितला. दोन पेले घेतले.

“तेव्हाच असा का नाही केलास ग?” ती म्हणाली.

मी भांडी घासायला घेतली. त्यानंतर तो चहा मी केला नाही. डबा आता रिकामा आहे, पत्ती आईनेच हळूहळू संपवली. त्याच डब्यात ते पत्र ठेवलं आहे. एकदा खिडकीशी धरून पाहिलं, उजेडात ती ओळ दिसते का म्हणून. नकाशाची शाई, पाण्याने उतरत नाही आणि उजेडालाही दाद देत नाही. कुणालाही वाचता येणार नाही इतकी नीट खोडली आहे त्याने. पण मला ती पाठ आहे.